उजव्या कानात शमामा, डाव्या कानात ऊद

गुरुवार, संध्याकाळ

शहागंजातल्या अत्तरवाल्या चाचांपुढं बराच वेळ बसलो, पण ठरेना. शमामा की ऊद? दोन्ही लाकडी, दोन्ही मसालेदार. शेवटी चाचांनी माझ्या दोन कानांत दोन फाये खोचले. "घर में सुंघाव साब, फिर आव."

त्यांना काय सांगू? तापानंतर बायकोला, सुमनला, कशाचाच वास येत नाही. फोडणी करपली की ओरडतो मी. रोज एकच उग्र वास हुंगत राहिलं तर नाक परत येतं म्हणे. खरं असेल?

ओट्याशी जाऊन उजवा कान पुढं केला.

"काय नाय. आन् कानात कापूस कशाला? माझं ऐकू येऊ नाय म्हणून?"

मग डावा कान. तिनं हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं.

"शी! जुनं कपाट जाळल्यासारखं. पैसे देऊन आणलंत हे?"

माझ्या लेखनाला लोकांनी बरीच नावं ठेवली, पण इतकी गोड टीका आजवर वाट्याला आली नव्हती. शी म्हणाली! मी तसाच डावा कान धरून उभा.

उद्या ऊदच आणतो. रोज नाक मुरडेल. मुरडू दे.