उंदीर झाकून ठेवला

शनिवार, संध्याकाळ. मॉरिसव्हिल

फ्रीजरमध्ये माझ्या खवलेल्या नारळाशेजारी मेलेले उंदीर! कसलं सोवळं न् कसलं काय. बरं, राम राम गं वही. चूक माझीच, म्हणून नारळच दुसऱ्या कप्प्यात हलवला.

गेल्या शनिवारी पाळलेल्या सापाच्या पेटीत जिवंत उंदीर सोडून बाहेर जाताना नात ईशा म्हणाली होती, "आजी, सापाने उंदीर नाही खाल्ला तर लगेच बाहेर काढ." सापाने तोंड फिरवलं. म्हटलं, राहू दे, भूक लागली की खाईल. उशिरा येणाऱ्याचं ताट झाकावं तसं पेटीवर झाकण ठेवलं. पण झाकलेलं ताट चावत नाही. त्या जिवंत उंदराने सापाचीच पाठ कुरतडली. पोर रडली, आणि प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना तिने सांगितलं, "मीच विसरले." माझ्यासाठी खोटं!

त्या म्हणाल्या, यापुढे मेलेलाच द्या. आज ईशाने गोठलेला उंदीर ऊन पाण्यात सोडला, मग चिमट्यात धरून हलवला. सापाने झडप घातली! "ही एट, आजी!" म्हणजे खाल्लं त्याने. जखमही सुकतेय.

सोमवारी साप पुन्हा डॉक्टरीणबाईंना दाखवायचाय. तिथे ईशाने मधे पडायचं नाही. उंदीर आत कुणी राहू दिला, याचं उत्तर मी देणार. तिने नुसतं इंग्रजी करायचं, एक शब्दही न बदलता.