दुखण्याची वेळ

सौसर
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. अमिता हिला अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. बीपीची गोळी घेऊन राहिलो, तू विचारायच्या आधीच सांगतो. संत्र्याचा तोडा आटोपला. सरलाकाकू एक दिवसाआड भाजी आणून देते आणि त्यात तेल किती कमी टाकलं ते अर्धा तास ऐकवते.

परवा फोनवर तुझ्यावर उगाच खेकसलो. तू एवढंच विचारलं होतं, की आईचं रक्त तुमच्या लॅबच्या फ्रिजात ठेवलेलं आहे, ते अभ्यासाला वापरू का. हृदयातून निघणारी मोठी नस फाटून आलेला माणूस ऑपरेशनमधून वाचेल का, हे आल्याआल्या घेतलेल्या रक्तावरून ओळखता येतं का, असा तुमच्या मॅडमचा अभ्यास. मी ओरडलो, "अस्थी शिरवल्या, तेरवी झाली, आता तिचं काहीबी कोणाच्या फ्रिजात नाही पाहिजे!"

ते मनातलं बोलणं नव्हतं. मला दुसरीच भीती होती.

मग तू रडतरडत म्हणालीस, "बाबा, आईचे आकडे बसूनच नाही राहिले. शरीराला रक्त कमी पडलं की लॅक्टेट वाढते, पण दुखणं सुरू झाल्यापासून अडीच तासांत एवढं? त्या दिवशी मशीन मीच चालवली. माझाच हात चुकला असंन." आणि आता लॅबच सोडतो म्हणतेस.

बाई, तुझा हात नाही चुकला.

आई सकाळी दहाला वांगे चिरत होती. एकदम उठली. "अवो, पाठीत फाटल्यावानी होऊन राहिलं." मी म्हटलं, "गॅस असंन. गोळी घे अन् पड." बोरगावला हेमराजच्या पोरीचं साक्षगंध होतं, तिकडे निघून गेलो. पंगतीत बसलो. जिलबी दोनदा मागून घेतली. चारला परत आलो तर ही घामानं चिंब, ओठ पांढरेफटक.

नागपूरच्या वाटेवर गाडीत माझा हात धरून म्हणाली, "पोरीले सांगू नका तुम्ही जेवाले गेलते म्हणून. चिडंन तुमच्यावर." तिला तिथंही माझीच पडली होती!

साडेसहाला तुमच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी विचारलं, दुखणं कधी सुरू झालं? तू बाजूलाच उभी होतीस. मी म्हणालो, चार वाजता. आईनं ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. मी तिच्या त्या शब्दामागे चार महिने लपून बसलो, आणि तू इकडे स्वतःला खात राहिलीस. लाज वाटते मला.

सकाळीच निघालो असतो तर ती वाचली असती का, देव जाणे. पण कागदावर चार वाजताच राहिलं, तर उद्या दुसऱ्या कोणाच्या बायकोबद्दल तुमचा अंदाज चुकेल. म्हणून आईचं रक्त वापरायच्या परवानगीच्या फॉर्मवर सही करून सोबत पाठवतो. हे पत्रही मॅडमना दाखव.

तू चिडशील. चीड. घरी यावंसं नाही वाटलं तर नको येऊ. पण मशीन सोडू नको, माय.

दुखणं सुरू झालं : सकाळी दहा वाजता.
माहिती देणारा : गुणवंता खवसे.
रुग्णाशी नातं : नवरा.