दगडाबाईचं पान

छत्रपती संभाजीनगर,
३ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

वि. वि. फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं वहिनी गाळते, म्हणून पत्रच लिहिते.

मनोरुग्ण बायकांच्या आपल्या निवासाला सरकारचा नवा आदेश आलाय. चोवीस तास नर्स हवी, डॉक्टरांना वेगळी खोली हवी, दोन खाटांत ठरलेलं अंतर हवं. अनुदान मात्र नाही. नर्सचा पगार देणग्यांतून काढीन, पण भिंती कशा सरकवू? महिनाअखेर तीन खाटा काढायच्या, म्हणजे तिघींना घरी धाडायचं.

मी अजून कुणाला काही बोलले नव्हते. तरी काल दगडाबाई आपणहून उठून आली. बसस्टँडवर सापडल्यापासून इतकी वर्षं गाव विचारलं की गप्प बसणारी ही बाई. तिने सिल्लोडजवळचं गाव सांगितलं, मुलाचं नाव सोमनाथ सांगितलं. वर म्हणाली, तिकडं मला जेवाय बलावलंय. माझ्या अंगावर काटाच आला.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी,
सुलेखा

नांदेड,
८ सप्टेंबर २०२५

चि. सुलेखास,
अनेक आशीर्वाद.

आदेश काढणाऱ्यांनी सोबत एक वीट तरी पाठवायची होती! काट्याचं म्हणशील तर तुम्ही बायका कोपऱ्यात कुजबुजता आणि वेडी ऐकत नाही असं समजता. ती सगळं ऐकते. तू तिला घेऊन जा, पण तिकडची माणसं बघितल्याशिवाय सोडून येऊ नकोस. आणि वहिनी काही गाळत नाही, तूच भरभर बोलतेस.

तुझा दादा,
बुद्धभूषण

छत्रपती संभाजीनगर,
१८ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

जाऊन आले. भर दुपारी पोचलो. सोमनाथने दार उघडलं आणि तो भिंतीला जाऊन टेकला. सुनेने पोरांना आत ओढलं. समोर भिंतीवर दगडाबाईचा हार घातलेला फोटो होता. पितरांचा पंधरवडा, म्हणून खाली तिच्या नावाचं पान वाढलेलं होतं. तुला काय लिहू दादा, भात अजून वाफाळत होता.

आई हरवल्यावर शेतातल्या विहिरीत एका बाईचं प्रेत सापडलं, असं सोमनाथ अडखळत म्हणाला. चेहरा ओळखू येत नव्हता. लुगडं तिच्यासारखंच हिरवं होतं. आई समजून त्यांनी अग्नी दिला.

दगडाबाई पानावर बसली आणि जेवू लागली. कुणी हललं नाही. अर्ध्यावर हात थांबवून तिने विचारलं, मग ती कोण व्हती? तिने अर्धं पान तसंच बाजूला सरकवलं.

मग सोमनाथ हमसून रडला, पायावर पडला. सूनही हळूहळू बाहेर आली, पाणी दिलं. मी संध्याकाळपर्यंत थांबले, माणसं पारखली आणि तिला तिथं ठेवून आले. बाकीच्या दोघींना मात्र मी पाठवणार नाही. तपासणीला येतील त्यांना तोंडावर सांगीन.

निघताना सोमनाथ फोटो उतरवायला स्टुलावर चढला होता. दगडाबाईने त्याचा हात धरला. म्हणाली, ऱ्हाऊ दे. तिला दुसरं कुणी नाय.

तब्येतीला जप, मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
सुलेखा