दुर्बिणीने की उघडून?

३ मार्च
गिऱ्हाईकाची दाढी करायला वाकलो आणि दुपारचं जेवण घशाशी आलं. वस्तरा त्याच्या गळ्यावर — हलायची सोय नाही. गिळलं. तो म्हणाला, "हात हलका आहे हं तुमचा."

६ मार्च
डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याचं भोक सैल झालंय, त्यातून जठर वर सरकतंय. हर्निया. गोळ्या खाऊन झाल्या, रात्री उशांना टेकून बसून झोपणंही झालं, आता ऑपरेशन.

दुर्बिणीने केलं तर चार-पाच बारीक छिद्रं, दुखणं कमी, घरी लवकर. उघडून केलं तर पोटावर मोठा छेद आणि भरपूर आराम. "आतलं काम दोन्हीकडे तेच," म्हणाले. "जठर खाली ओढायचं, भोक शिवायचं."

परत होतं का?

"होऊ शकतं. दोन्हीतही."

माणूस खरा वाटला. मला थोडा खोटाही चालला असता.

७ मार्च
ताई आली. तिचं हेच ऑपरेशन मागे झालंय — उघडून. "अरे, भोकातून काय दिसणार डोंबल! माझं बघ, हात घालून शिवलंय. पक्कं काम!" बायको म्हणाली, "अहो ताई, पण आता—" झालं! चहा होईपर्यंत माझ्या पोटावरून दोघी हातघाईवर. पोटाला कुणी विचारलं नाही.

८ मार्च
दुर्बीण. ताईला फोन केला. "कर बाबा तुझ्या मनासारखं." फोन आपटला.

१९ मार्च
उद्या. सही केली. दुर्बिणीने नाहीच जमलं तर उघडणार. म्हणजे शुद्धीवर येऊन चाचपेपर्यंत कळायचं नाही! घाबरलेलो नाही. दुकानाच्या किल्ल्या बायकोला दिल्या. परत घेतल्या. परत दिल्या.

२१ मार्च
चाचपलं. पाच छोट्या पट्ट्या. खांदा मात्र ठणकतोय — पोट फुगवायला गॅस भरतात, त्याचं म्हणे. भोकं पोटाला, बोंब खांद्याची! बायको सूप भरवते. ताई फिरकली नाही.

२ एप्रिल
आडवा झोपलो. सपाट! बायको म्हणते, घोरत होतात. घोरेन.

४ एप्रिल
ताई आली. बायको बाहेर गेल्यावर मला शर्ट वर करायला लावला. बघत राहिली.

"माझं सुटलंय रे. केव्हाचंच. बसूनच झोपते."

मी शर्ट खाली केला.

"परत तसं फाडून घ्यायचं म्हणजे..." थांबली. "तुझे डॉक्टर सकाळी असतात का?"