अलीकडचं ताट

ग्विमारास, फिलिपिन्स,
९ मार्च

माझ्या लाडक्या लेकी, इंदाय,

तू, जावई मार्ती आणि मी अजून न पाहिलेलं तुमचं पिल्लू खुशाल असाल. मी बरी आहे. आंबे लिंबाएवढे झालेत, एकेका फळाला कागदाची टोपी चढवण्यात दिवस जातो. शेजारची पासिंग शिडी धरते आणि बडबडते. ती असताना रेडिओ घ्यायची गरज पडत नाही.

व्हिसा आल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस आणि रडलीस की पुढचं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

हल्ली रोज एकच स्वप्न पडतं. मी धक्क्यावरून होडीत बसते आणि होडी थेट तुमच्या बर्फाच्या डोंगरावर चढते. पाण्याचा आवाजच नाही. तुझ्या खिडकीत दिवा असतो. मी दार लोटते, ओल्या चपला कुठे काढाव्यात कळत नाही, आणि जाग येते. नंतरही बराच वेळ पाय गार असतात.

पासिंगची भाची इलोइलो शहरात विमानाची तिकिटं काढून देते. तिने व्हिसा पाहिला आणि चुकचुकली.

“मावशी, यावर एकदाच प्रवेश आहे.”

“मग? मी काय दहादा जाणार आहे?”

“तसं नाही हो. युरोपातल्या बऱ्याच देशांनी मिळून एकच कुंपण घातलंय. तुमच्या लेकीचा अँडोरा चिमुकला, त्या कुंपणाबाहेरचा. त्याचा वेगळा व्हिसा नाही की विमानतळ नाही. स्पेनमधून वर चढायचं. पण सीमा ओलांडलीत की तुमचा एकदाचा प्रवेश संपला. परतायला पुन्हा स्पेनच लागतं, आणि त्याचं दार बंद.”

“म्हणजे मासे धरायचा पिंजरा,” पासिंग म्हणाली. “आत जायला तोंड, बाहेर यायला नाही.”

चूक माझीच. अर्ज घेणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, किती वेळा प्रवेश हवा? परक्याच्या दारात उभं राहून ‘पुष्कळदा’ म्हणायची मला लाज वाटली. आपल्यात भूक असली तरी पाहुणा आधी नकोच म्हणतो. मी म्हणाले, “एकदाच पुरे, मॅडम.” त्यांनी आग्रह केला नाही. त्यांच्यात आग्रहाची पद्धत नसावी.

मग त्यांनी विचारलं, परत कोणासाठी येणार? मी म्हटलं, नवऱ्यासाठी. चर्चच्या मागे असतात ते, मी गेले नाही तर त्यांच्यावर गवत वाढतं. बाईंनी तेही लिहून घेतलं.

आता टाळत होते ते लिहिते. तू सारखी म्हणतेस, “नानाय, ये आणि इथेच राहा.” भाचीचं ऐकून पासिंग हळहळली, पण मला आतून आनंद झाला. परतता येणारच नाही, मग दोष कोणाचा? काही दिवस मी त्याच तंद्रीत होते. आंब्यांना टोप्या घालताना तुझ्या खिडकीखाली मी माझी खाटसुद्धा टाकली.

रविवारी तुझ्या तातायच्या थडग्यावरचं गवत उपटायला बसले आणि हात थांबला. तू गेलीस तो दिवस आठवतो? तू जेवणावरून उठलीस, आणि जाणाऱ्याची वाट सुखाची व्हावी म्हणून आम्ही सगळ्यांनी आपापलं ताट एकदा फिरवलं. ताताय मात्र तुझी होडी दिसेनाशी होईपर्यंत फिरवतच राहिले. भात गार झाला. त्या माणसाला एकटं टाकून मला राहता यायचं नाही, इंदाय.

पुन्हा अर्ज करत बसले तर तोवर पिल्लू चालायला लागेल. म्हणून ठरवलंय, मी सीमेअलीकडच्या, स्पेनच्या त्या शेवटच्या गावापर्यंतच येईन, जिथे तू दर शनिवारी भाजीला उतरतेस. तुझं घर स्वप्नात पाहिलंय, तेवढं चालेल. खोटं कशाला बोलू, चालणार नाही, पण चालवून घेईन.

तू पिल्लाला घेऊन खाली ये. सगळे एकत्र जेवू. मग अंधार पडायच्या आत तू उठशील, सीमेच्या नाक्यापलीकडे जाशील. मी मागे येणार नाही. बसल्या जागी ताट फिरवत राहीन, तुम्ही दिसेनासे होईपर्यंत. माझा भात गार झाला तरी.

पिल्लाला मोजे घालून आण.

तुझ्या दारापर्यंत येणारी,
नानाय