साडूचा चतुर

४ मे
माझ्या मनात कुणाबद्दल आकस नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

कॅमेरा क्लबच्या प्रदर्शनात साडूला पहिलं बक्षीस. फोटो चतुराचा, त्या चार पंखांच्या किड्याचा. चतुर माझ्या बागेतल्या तळ्यावरचा. साडू चहाला आला होता, एका हातात कप, दुसऱ्या हाताने मोबाइलवर क्लिक केलं आणि बिस्किट मागितलं. झालं.

माझ्या फोटोत चतुर नेमका कुठे आहे, असं क्लबच्या अध्यक्षांनी विचारलं. तो नुकताच उडाला होता. जाणकाराला ते कळतं.

५ मे
बसलेला चतुर कुणीही काढेल. मी जन्म टिपणार. अळी पाण्यातून काडीवर चढते, तिची पाठ उकलते, आतून ओला चतुर बाहेर येतो आणि पंख वाळवत बसतो. हे सगळं पहाटे. साडू नऊच्या आत उठत नाही. इथेच त्याचा खेळ खल्लास. पुढच्या प्रदर्शनात त्याचं उतरलेलं तोंड पाहायचं, एवढीच निर्मळ इच्छा.

६ मे
गजर वाजला नाही. बायको म्हणते वाजला, तुम्ही भावोजींच्या नावाने शिवी देऊन बंद केलात. शक्य नाही. मी शिव्या देत नाही.

९ मे
उठलो. तळ्याकाठी पालथा पडलो. समोर एक बेडूक, तोही पाठमोरा. शेजारीणबाईंनी कुंपणावरून पाहिलं आणि बायकोला फोन केला, तुमचे मिस्टर बागेत पडलेत, डॉक्टरांना बोलावू का. मान आखडली. यालाही साडूच जबाबदार.

१२ मे
काडीला चिकटलेली रिकामी कात मिळाली. म्हणजे काल सकाळीच उरकलं, मी दाढी करत असताना. चतुर साडूला फितूर आहेत, असं लिहिणार होतो. पण मी संशयी स्वभावाचा नाही.

१५ मे
आज वाचलं: मासे या अळ्या खातात. तळ्यातले मासे मला वाढदिवसाला कुणी दिले? साडूने. माणूस किती लांबचा डाव टाकतो.

मासे बाथरूमच्या टबात हलवले.

१७ मे
बायको अंघोळीला तिच्या ताईकडे गेली. तिथे सगळं बोलली. मोहीम फुटली. दुपारी साडूचा फोन. म्हणाला, मजा आहे रे, आम्ही दोघं मुक्कामालाच येतो, तुला काही धरायला-बिरायला लागलं तर मी आहे.

हेरगिरी. या म्हटलं. गाफील ठेवावं.

२३ मे
आले. साडूला घरातली सगळ्यात वाईट गादी दिली, मधोमध खड्डा पडलेली. रात्रभर तळमळेल आणि उद्या दहापर्यंत डोळा उघडणार नाही. स्वतःच्या डोक्याचं कधीकधी मलाच कौतुक वाटतं.

२४ मे, सकाळ
शांतपणे लिहितो.

पहाटे तळ्याकाठी आडवा झालो. कॅमेरा काडीवर रोखलेला. एक अळी वर आली. खरीखुरी. पण काडी सोडून माझ्या कोपराकडे वळली आणि दिसेनाशी झाली. मी जराही हललो नाही. डोळ्यांना ताण पडला म्हणून क्षणभर मिटले.

उघडले तेव्हा ऊन आलं होतं. साडू शेजारी उकिडवा, ओठांवर बोट. झोप लागेना म्हणून बाहेर आलो, म्हणाला. मी काय झालं म्हणून डोकं उचललं, तर माझ्या टोपीवरून काहीतरी भुर्रकन उडालं.

विचारलं, मला उठवलं का नाहीस. तर म्हणाला, तू दचकला असतास आणि चतुर खाली पडला असता. पंख ओले असताना पडला की संपलंच. तेवढ्यासाठी इतका वेळ बसून राहिलो, पायाला मुंग्या आल्या.

मी त्याला गादी कशी होती, असं विचारलं. छान होती म्हणाला. हे त्याने मुद्दाम केलं.

१४ जून
प्रदर्शन झालं. पहिलं बक्षीस साडूला. फोटोत मी पालथा, गाल हातावर, तोंड किंचित उघडं. टोपीला कात चिकटलेली, तिच्याशेजारी पंख वाळवणारा कोवळा चतुर.

बायकोने एक प्रत मागून घेतली आणि हॉलमध्ये लावली. म्हणते, इतक्या वर्षांत तुमचा चेहरा एवढा शांत कधी पाहिला नव्हता. तिला वाटलं मी चिडेन. मी भिंग मागितलं.

दुपारभर भिंग घेऊन चूक शोधली. फोकस अचूक. पंखांची शीर न् शीर दिसते. आता यात खरं कौशल्य कुणाचं? मॉडेल हललं असतं तर?

खालची पट्टी वाचली. ‘नवजात चतुर, टोपीवर.’ पुढे साडूचं नाव.

टोपी माझी आहे.