मुके टायर

सोमवार, १३ मे
एप्रिलची माझी गुणपत्रकं ओलसनबाईंनी परत पाठवली, म्हणून ही वही. त्या आमच्या नव्या विभागप्रमुख, वय चौतीस. म्हणाल्या, ब्रोडरसनबाई, तुमचे गुण इतर चालकांशी जुळत नाहीत. मी म्हटलं, इतरांचे माझ्याशी जुळत नाहीत. आता फेरचाचणी: स्पोर्ट्स कारचे उन्हाळी टायर, सात संच. शुक्रवारी निकाल. गुण भरकटलेले निघाले तर माझं ट्रॅकवर जाणं कायमचं बंद.
एकतीस वर्षं मी टायर पारखते आहे. काळजीचं कारण नाही. रोज लिहायचं. पुरावा हवा.

मंगळवार, १४ मे, दुपारी
संच एक आणि दोन, कोरडा ट्रॅक. नावं काळ्या पट्टीने झाकलेली, वर फक्त खडूचा आकडा. एक: स्टिअरिंग मुकं. रस्ता हाताला कळतच नाही. चार गुण. दोन: तेच, जरा जास्त. तीन गुण. हल्ली रबर कोण बनवतं कोण जाणे.
कॅन्टीनमध्ये कप निसटला. नवे कप फार गुळगुळीत आहेत. लेखी तक्रार करायची.

बुधवार, १५ मे
संच तीन मुका. चार मात्र बोलला! नऊ गुण. वीस वर्षं माझे टायर बसवणारा हेनिंग म्हणाला, एवढा बोलका होता तर गाडी दोनदा गवतात कशी गेली गं, फ्राउके? मी म्हटलं, पकडीची मर्यादा तपासत होते. मग काय, सापडली का गवतात, म्हणाला. उद्धट.
संध्याकाळी जेवणासाठी शतावरीचे कोंब सोलले. बोट कापलं. पांढऱ्या देठांवर लाल दिसलं तेव्हा समजलं. सुरी बोथट आहे. नवी आणायची.

गुरुवार, १६ मे
फवारे चालू करून ओला केलेला ट्रॅक. पाच, सहा साधारण. सात, पुन्हा कोरड्या ट्रॅकवर: विकायलाच बंदी घालावी. दोन गुण.
यांतला एक संच वेगळ्या आकड्याने परत परत बसवलेला असणार, हे मला ठाऊक आहे. चालकाला सांगायचं नाही, आणि ज्याचे गुण हलतील त्याला घरी पाठवायचं. हा नियम मीच घातला. त्या वर्षी दोघे गेले, एक रडला. मी नियम बदलला नाही.
हेल्मेटचा पट्टा हेनिंगने लावून दिला, आज तिसऱ्यांदा. म्हणाला, डॉक्टरला हात दाखव. मी म्हटलं, पट्टा हलक्या प्रतीचा आहे. तो म्हणाला, आणि बटणंही? आठवडाभर स्वेटरच घालतेस. मी म्हटलं, थंडी आहे.
ट्रॅकवर सव्वीस अंश होते.
निवृत्तीला अजून चार वर्षं. पुढच्या मोसमात नव्या चालकांना मी स्वतः शिकवणार.

शुक्रवार, १७ मे, सकाळी ११
एक, चार आणि सात एकच संच होता. माझे गुण: चार, नऊ, दोन.
मी म्हटलं, खडू तपासा. हेनिंग जमिनीकडे बघत म्हणाला, खडू बरोबर आहे, फ्राउके. ओलसनबाई म्हणाल्या, नियम तुमचाच आहे, ब्रोडरसनबाई. मी म्हटलं, हो, आणि चांगला आहे.
बाहेर फवारे चालू होते. मी ते मोजले. चौदा. एक बंद पडला आहे, मी कुणालाच सांगितलं नाही.

त्याच दिवशी, दुपारी ३
जमा केलं: फाटकाचं कार्ड, एक. गाडीची किल्ली, एक. हेल्मेट, पांढरं, एक. एकतीस वर्षांची गुणपत्रकं, कपाटासह. सही करताना पेन दोनदा पडलं. पेन वाईट होतं.
यादीत हातमोजेही होते. मी कपाटात शोधले, मग गाडीत. हेनिंग म्हणाला, अगं, तुझ्या हातातच आहेत.
त्यानेच काढले. एक जोडी.